खालच्या स्वयंपाकघरातलं पाणी

ही गोष्ट खरी आहे.

विश्वास ठेवा, असं तेल्मा फुर्तादो कोणालाच म्हणत नाही. पण पाण्याच्या मीटरच्या नोंदी तिने छापून ठेवल्या आहेत. कागदांना भास होत नाहीत.

तारीख सव्वीस फेब्रुवारी, बुधवार. जागा टोरोंटोच्या पश्चिम भागातली, पोर्तुगीज वस्तीतली एक अरुंद गल्ली. वेळ रात्रीचीही नव्हती. संध्याकाळचे पाच वाजायचे होते.

तेल्माची आई देओलिंदा आदल्या मार्चमध्ये गेली. तळघरातल्या स्वयंपाकघरात, पहाटे, भांडी विसळताना. नळ वाहतच राहिला होता. पाण्याचा आवाज थांबेना, म्हणून शेजारच्या दोना इल्दांना कळलं.

तेल्मा दोन तासांवरच्या गावी राहायची. दर रविवारी फोन करायची.

"घरी कोण आहे, आई?"

"कोणी नाही गं. मीच."

वर्षानुवर्षं हेच उत्तर. त्यातलं 'कोणी नाही' तेल्माला आई गेल्यावर ऐकू आलं.

मग महापालिकेचं पत्र आलं. ओस पडलेल्या घरांवर तिथे कर आहे, आणि तो चांगलाच जबर. घरात कोणी राहिलं की नाही, हे दरवर्षी मालकाने लिहून द्यायचं. मालकाचा मृत्यू झाला असेल तर काही काळ सूट. त्यानंतर घरात कोणीतरी निदान सहा महिने राहायला हवं. नाहीतर कर भरा. तेल्माच्या पगारात तो बसणारा नव्हता. म्हणजे घर विकावं लागणार.

तेल्माने लिहून दिलं. मालक मृत. मार्चपासून घर रिकामं.

पुराव्याला पाण्याचं बिल जोडावं, म्हणून तिने संगणकावर मीटरच्या नोंदी उघडल्या.

शून्य असायला हवं होतं...

रोज पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी, अकरा लिटर.

एकही दिवस चुकलेला नव्हता.

गळती असती तर दिवसभर टपकलं असतं. म्हणजे आत कोणीतरी घुसलंय. दुसऱ्याच दिवशी, त्या बुधवारी, ती निघाली.

दोना इल्दा फावड्याने पायरीवरचा बर्फ काढत होत्या.

"आत कोणी राहतंय का हो?"

"तू घर सोडल्यापासून तुझ्या आईशिवाय त्या घरात कोण राहिलंय? तू तरी कितीदा आलीस, बाई?"

"टोमणे नंतर मारा, दोना इल्दा. कोणी दिसलं का?"

"काळं कुत्रं नाही फिरकलं. कमाल आहे या सरकारची! म्हातारी जिवंत होती तेव्हा कोणी विचारलं नाही, बाई एकटी कशी राहतेस म्हणून. आता पत्रावर पत्र!"

तेल्मा आत गेली.

बैठकीतल्या सोफ्यावर प्लास्टिक तसंच. स्वयंपाकघर नीटनेटकं, शेगडीवर डाग नाही, नळ कोरडा. टेबलावर धुळीचा थर. त्यात एकाही बोटाचा ठसा नाही. तिने पुरावा म्हणून फोटो काढले. तिचा जीव भांड्यात पडला.

दाराला कुलूप लावताना तिचा हात थांबला.

वरचं स्वयंपाकघर तर नेहमीच असं असायचं. त्या गल्लीतल्या सगळ्याच घरांची ही रीत. वरचं पाहुण्यांना दाखवायला, खालचं रांधायला. आईने वरच्या शेगडीवर दूधसुद्धा तापवलं नव्हतं.

तेल्माने रिकाम्या घराचे फोटो काढले होते खरे... पण तिथे कधीच कोणी राहत नव्हतं.

तेवढ्यात भिंतीतला पाइप घुमला.

खाली... नळ सुरू होता.

बारा पायऱ्या. सहाव्या पायरीवर तिचा पाय पडला...

आणि नळ बंद झाला.

खाली कोणी नव्हतं. खिडकीला गज. बाहेरचा बर्फ अखंड, पाऊल उमटलेलं नाही. मोरी ओली. आणि नळाच्या मानेवर फडकं. दुहेरी पीळ घालून टाकलेलं. तसा पीळ एकच बाई घालायची.

तेल्माने हात लावला. फडकं ओलं होतं.

आणि कोमट.

तिने पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह घट्ट बंद केला आणि मागे न बघता निघून आली.

दुसऱ्या दिवशी नोंद उघडली. पाच वाजून दहा मिनिटं. अकरा लिटर.

एप्रिलमध्ये ती तिथे राहायला आली. घर राखायचं तर दुसरा मार्ग नव्हता. झोपायची वर. पहाटे पाच-दहाला खाली पाणी वाजायचं. ती डोळे मिटून पडून राहायची. खाली जायचा धीर झाला नाही.

जूनमध्ये एका संध्याकाळी महापालिकेच्या कचेरीतून फोन आला. आईच्याच जुन्या फोनवर. बोलणारा माणूस सभ्य होता.

"बाई, गेल्या वर्षी घर रिकामं होतं असं तुम्ही लिहून दिलंत. पाणी तर रोज वापरलंय. माहिती खोटी निघाली तर सूट जाईल, वर दंड. कोण राहत होतं तिथे?"

त्याच क्षणी... खाली नळ सुरू झाला. फेब्रुवारीतल्या त्या बुधवारनंतर पहिल्यांदाच अशा भलत्या वेळी.

तेल्मा तळघराच्या दाराकडे बघत राहिली. खरं सांगावं तर घर जाणार. आणि खरं काय सांगणार?

"कोणी नाही," ती म्हणाली.

"आणि आता?"

"मीच."

खाली नळ बंद झाला. हळूच. कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून करावा तसा.

"मग गळती असेल. बघून घ्या."

"हो. बघते."

सूट कायम राहिली. घर राहिलं. दुसऱ्या पहाटे पाच-दहाला मीटरवर शून्य होतं. त्यानंतर रोजच शून्य.

"आता झोप लागते का गं पोरी?" दोना इल्दांनी कुंपणावरून विचारलं.



आता तेल्मा रोज रात्री बारा पायऱ्या उतरून खाली जाते. तेच फडकं भिजवते आणि न पिळता, निथळतं, नळावर टाकून येते.

सकाळी ते पिळलेलं असतं. दुहेरी पीळ घालून.

मीटरवर त्याची नोंद होत नाही.