सरळ हात

नागभीडच्या बाहेर, ब्रह्मपुरीच्या रस्त्याला सोमाजीचं टिनाचं शेड आहे. गाड्या धुवायच्या आणि रंगाला पॉलिश करायचं, एवढंच काम. चैत्रातल्या एका गुरुवारी सकाळी प्रफुल आपली काळी गाडी घेऊन तिथे आला. गाडी त्याने नागपूरहून जुनी घेतली होती, आणि रविवारी त्याच्या बहिणीच्या, रोशनीच्या, लग्नात नवरदेव तिच्यातूनच येणार होता.

"काका, सावलीत पाह्यली तर नवी वाटते," प्रफुल म्हणाला. "उन्हात नेली का पार म्हातारी होते."

सोमाजीने शटर ओढून घेतलं. आत अंधार झाला. त्याने टॉर्च तिरपी धरली, तसे बॉनेटवर बारीक गोल ओरखडे उमटले. एकात एक गुंतलेले, कोळ्याच्या जाळ्यासारखे.

"धूळ तशीच ठेवून गोल गोल पुसली कोनं तरी," सोमाजी सावकाश म्हणाला. त्याचं बोलणं नेहमीच सावकाश. "फडकं ओलं पाह्यजे, अन् हात सरळ पाह्यजे बाबू. वरून खाली. गोल फिरवला का धुळीचा कण रंगाले खात जाते."

"निघन का पन?"

"निघन. वरचा पारदर्शक थर केसाएवढा उतरवा लागते. एकदा चालते, दोनदा चालते. तिसऱ्यांदा मशीन फिरवली का रंगच जळते."

"तुमी पाहा जी. आमचा जावई मोठा शौकीन आहे. पहिले गाडी पाहीन, मंग रोशनीले पाहीन."

दोघेही हसले. प्रफुल गेला.

दिवसभर मशीन घुमत राहिली. बाहेर रस्त्याकडेच्या मोहाखाली फुलं सडत होती, त्यांचा गोड, जड वास टिनाखालून आत येत होता. संध्याकाळी बॉनेट विहिरीच्या पाण्यासारखं झालं. सोमाजीने त्यात आपलं तोंड पाहिलं. मग कुलूप लावलं, किल्ली करदोट्याला बांधली आणि सायकलवर घरी निघाला. त्या कुलपाला दुसरी किल्ली नव्हती.

घरी आता तो आणि सून दिव्यानी, एवढेच. मुलगा धनराज कोरपन्याकडे सिमेंटच्या कारखान्यात, महिन्यातून एकदा यायचा. बायको गिरजा पौषात तापाने गेली. जायच्या आधी रीतीप्रमाणे दिव्यानीने सपरीतली, म्हणजे पुढच्या पडवीतली, भुई शेणाने सारवली, आणि गिरजाला खाटेवरून उतरवून त्या ओल्या भुईवर ठेवलं. दहाव्याच्या आदल्या रात्री त्याच जागी पीठ चाळून वर टोपली झाकली. गेलेलं माणूस फिरून आलं, तर पिठावर काहीतरी खूण ठेवतं म्हणतात. पाखराचा पाय, मुंगीची वाट, काहीही. सकाळी टोपली उचलली. पीठ जसंच्या तसं होतं.

"रुसून गेली बाई," शेजारची केसरबाई म्हणाली. "वळूनबी नाई पाह्यलं."

सगळ्यांना वाटलं, म्हातारी उगाच बोलते. सोमाजीला मात्र माहीत होतं, ती कशावर रुसली होती.

सहा वर्षं झाली त्याला. गिरजा तेव्हा रोज शेडवर डबा घेऊन यायची. एकदा अशीच एक काळी गाडी पूर्ण झाली होती, मालक समोर उभा होता, आणि रस्त्याने ट्रक गेला. गाडीवर धूळ बसली. गिरजा पुढे झाली आणि कोरड्या फडक्याने पुसू लागली, जन्मभर अंगण सारवलं त्याच हाताने. गोल, ऐसपैस. तिचं सारवण गावात नावाजलेलं होतं. चंद्रकोरीला चंद्रकोर लागलेली, दारापासून तुळशीपर्यंत. धान कापताना विळा लागून तिच्या उजव्या हाताचं करंगळीजवळचं बोट वाकडं झालं होतं, ते भुईला टेकायचं नाही. म्हणून तिच्या सारवणात दोन रेघा, मग रिकामी जागा, मग एक रेघ. आंधळ्यालाही ओळखू यावं असं.

सोमाजीने तिच्या हातातून फडकं हिसकलं होतं.

"गाडी होय का अंगण? हात आहे का खराटा? नास केला साऱ्याचा!"

मालक हसला. गिरजाने पदर सावरला आणि हळूच म्हणाली, "मले मालूम नोतं जी. सरळ कसं पुसतात, मले दाखवा ना."

"जा घरी," सोमाजी म्हणाला.

ती गेली. पुन्हा शेडच्या आत आली नाही. डबा दाराशी ठेवायची आणि परतायची. रागाचा एक शब्दही नाही. दाखवीन, दाखवीन म्हणता सहा वर्षं निघून गेली आणि पौष आला.

शुक्रवारी सकाळी सोमाजीने शटर उघडलं. टॉर्च तिरपी धरली. बॉनेटवर गोल ओरखडे होते.

त्याला वाटलं, आपलेच डोळे म्हातारे झाले. कधी कधी पॉलिशचं तेल ओरखड्यांत बसतं, वरवर निघाल्यासारखे दिसतात आणि दुसऱ्या दिवशी परत उघडे पडतात. तसंच झालं असेल. "कोन्या गधड्यानं पुसली होती कोन जाने," असं पुटपुटत त्याने पुन्हा मशीन फिरवली. यावेळी तेल पुसून खात्री केली. काही उरलं नव्हतं. कुलूप लावलं. किल्ली करदोट्याला.

शनिवारी शटर वर सरकवलं, तेव्हा आधी वास आला. पॉलिशचा नाही, मोहाचाही नाही. ताज्या शेणाचा, ओल्या भुईचा... घरचा वास.

त्याने टॉर्च लावली. बॉनेटवर आता जाळं नव्हतं. नीट ओळीने काढलेल्या चंद्रकोरी होत्या, एकीला एक लागून, काचेपासून खालपर्यंत. सोमाजी वाकला. दोन रेघा. रिकामी जागा. एक रेघ.

त्याने त्या रिकाम्या जागेवरून बोट फिरवलं. मग तिथेच खाली बसला.

पिठावर न आलेली खूण इथे आली होती. आणि आपण ती मशीन लावून खरवडून काढली होती. कालच. कोण्या गधड्याचं काम समजून.

तिसऱ्यांदा मशीन लावणं शक्य नव्हतं, रंग जळाला असता. आणि शक्य असतं, तरी त्याने लावली नसती. दुपारी प्रफुलचा फोन आला, "झाली का जी काका?" सोमाजी म्हणाला, "सकाळी ने बाबू." का म्हणाला, ते त्यालाही कळलं नाही. उद्या मांडवाबाहेर सगळ्या वऱ्हाडापुढे ऊन या गाडीवर पडणार होतं. पण त्याच्या मनात गाडी नव्हतीच. इतक्या लांबून आलेल्या बाईला आता काय म्हणावं, एवढंच होतं.

दिवेलागणीला त्याने शटर अर्धं ओढलं. स्वच्छ फडकं भिजवलं, पिळलं. बॉनेटच्या एका बाजूला उभा राहिला.

"गिरजे..." त्याचा आवाज त्यालाच अनोळखी वाटला. "आलीस का वो?"

टिन तापलेलं होतं, ते निवताना टिक टिक वाजत होतं. बाकी काही नाही.

"तू म्हनली होतीस, दाखवा. हे पाह्य... असं. वरून खाली. दाबाचं नाई. हात वळवाचा नाई..."

त्याने फडकं सावकाश ओढलं. एकदा. दोनदा. आणि त्याला दिसलं. बॉनेटच्या पलीकडच्या बाजूला, जिथे कोणीच नव्हतं, तिथे काळ्या रंगावर वाफ धरली. तोंडाएवढी. विरली. पुन्हा धरली. चैत्राच्या उकाड्यात श्वासाची वाफ कुठून येणार... कोणीतरी अगदी खाली वाकून, मन लावून त्याचा हात पाहत होतं.

सोमाजी थांबला नाही. सहा वर्षांचं राहिलेलं काम होतं. "वरून खाली," तो म्हणत राहिला. "सरळ... सरळ." मग फडकं बॉनेटवर ठेवून, पाठ न दाखवता तो बाहेर आला.

रविवारी सकाळी गाडीवर एकही ओरखडा नव्हता. फडकं धुऊन तारेवर वाळत टाकलेलं होतं. प्रफुल गाडी उन्हात उभी करून चारी बाजूंनी फिरला.

"काका, जादू केली जी तुमी!"

"शिकली," सोमाजी म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. प्रफुलला वाटलं, म्हातारा थकला.

घराकडे जाताना त्याला सायकल हलकी वाटत होती. फाटकाशी दिव्यानी उभी होती. हातात शेणाची बादली.

"मामाजी, अंगण कोनं सारवलं? मी आत्ता शेन घेऊन आलो तं सारवूनच होतं. अन् असं कोनी सारवते का जी? वखर चालवल्यावानी?"

सोमाजीने पाहिलं. दारापासून तुळशीपर्यंत ओलं सारवण होतं. एकही चंद्रकोर नव्हती. दोन रेघा, रिकामी जागा, एक रेघ, सगळ्या ताठ, आखल्यासारख्या. अंगण नव्हे, हिशेबाची वही वाटत होती.

तेव्हा त्याला कळलं, आपण काय केलं ते. ती रागावून आली नव्हती. तिच्या हातात जे होतं, ते घेऊन आली होती. आणि आपण पुन्हा ते हिसकून घेतलं. या वेळी गोड बोलून.

त्या रात्री खाटेवर पडून तो अंधाराला म्हणाला, "गिरजे, मायं चुकलं. तू तुया हातानंच सारव वो. गोलच बरं होतं... आयकलं का?"

सोमवारी अंगण पुन्हा सरळ होतं. मंगळवारी रेघा उंबरठ्यापर्यंत आल्या. बुधवारी दिव्यानी माहेरी जायचं म्हणू लागली, कारण सपरी अर्धी सारवलेली निघाली. सोमाजी रोज रात्री तेच सांगत राहिला. पण आयुष्यभर त्याचं एकही सांगणं न मोडणाऱ्या गिरजाने, एकदा शिकलेलं सोडलं नाही.

आज सकाळी तो उठला आणि पाय खाली टेकवताच थबकला. खाटेला लागून, जिथे पौषात तिला ठेवलं होतं तिथेच, एक पट्टा सारवलेला होता. रुंदी हात-दीड हात. लांबी एका माणसाची. सगळ्या रेघा सरळ. वरून खाली.

दिव्यानीने दार सताड उघडून ऊन आत घेतलं. दुपारपर्यंत अंगण वाळलं, सपरी वाळली. तो पट्टा अजून ओला आहे.