राजाची गळपट्टी

त्या शरदात राजा आमच्या बेटावर, न्यूपोर्ट गावात कैदेत होता आणि त्याचे कपडे धुवायला माझ्याकडे यायचे. कैदी झाला तरी राजाच तो, रोज स्वच्छ सदरा हवाच! पार्लमेंटची माणसं समोर बसायची, तहाची बोलणी चालायची, आणि सारं गाव कान टवकारून असायचं. यादवीनं सगळ्यांचाच जीव मेटाकुटीला आला होता.

मला मात्र तहाचं काही पडलं नव्हतं. माझ्या टॅमसिनच्या मानेवर गाठी आल्या होत्या. त्याच दुखण्यानं माझी थोरली गेली होती. राजानं हात लावला की या गाठी जिरतात, हे आमच्याकडे पोरंसोरंही जाणतात. पण पहारेकरी रोग्यांना हुसकावून लावायचे.

"अगं, हात नाही तर गळपट्टी तरी..." इस्त्री करणारी अर्सुला काकू कुजबुजली. "त्याच्या गळ्याचा घाम आहे तिच्यात. धुऊ नकोस, तशीच बांध पोरीला."

बांधली. हळूहळू गाठी जिरल्या. रोज सकाळी मी तिची मान चाचपायची आणि देवाचे आभार मानायची.

बोलणी फिसकटली. शिपाई राजाला बेटावरून घेऊन गेले.

जानेवारी सरताना कडाक्याची थंडी पडली होती. चुलीपाशी बसलेली टॅमसिन म्हणाली, "आई, वरून अजून एक सदरा घाल ना. थंडीनं कापले तर... लोकांना वाटेल, भ्याले."

"कोणते लोक गं? आपल्या कोंबड्या?" मी हसत सदरा घातला.

दुपारी तिचा हात मानेकडे गेला. "झालं," एवढंच म्हणाली, आणि जेवायला मागितलं.

काही दिवसांनी एक फेरीवाला लंडनची बातमी घेऊन आला. त्याच थंडीच्या दुपारी राजाचं मुंडकं उडवलं होतं. "अंगात दोन सदरे होते म्हणे," तो म्हणाला. "थंडीनं कापलो तर लोक भित्रा म्हणतील, म्हणून."

मी धावत घरी आले. टॅमसिन गुणगुणत सलगम चिरत होती. मी गळपट्टी सोडली, मान चाचपली. गाठ नव्हती. पण रोज बोटांखाली उडणारी नाडी... तीही नव्हती.

"आई, हात काढ ना," ती म्हणाली. "गार आहे."

पुढे तिचं लग्न झालं. खाते, हसते, कामाला वाघीण आहे. जावयाला मी काही बोललेले नाही. परवा जेवताना तोच कौतुकानं म्हणाला, "सासूबाई, हिला जवळ घेतलं ना, की कसं अगदी... शांत शांत वाटतं."