या घरातून एक जण

खुर्च्या जरा जवळ घ्या. मोहित, तो मोबाईलचा टॉर्च बंद कर बाप्पा, आपण मनीषनगरच्या पार्किंगमध्ये बसलो आहोत, ऑपरेशन थेटरात नाही. लाईट यायची तेव्हा येईल.

मी थापा मारतो हे तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून आधीच सांगून टाकतो. या गोष्टीत मी फक्त थंडी थोडी वाढवली आहे. बाकी सगळं पास्टर भूपेशनं मला सांगितलं तसंच. आणि शेवटचं तर माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं.

२०२४चा डिसेंबर. तारीख वीस, वार शुक्रवार. दुपारी मी जरीपटक्यात पास्टरच्या चर्चला स्पीकर पोचवायला गेलो होतो, तो चाकांचा, बॅटरीवर चालणारा. मंडपवाल्याचा धंदा म्हणजे असा की देव कोणताही असो, खुर्च्या आणि स्पीकर आपलेच. हे चर्च म्हणजे मनोरा-घंटावालं मोठं चर्च नव्हे हं. खाली टिनाच्या छताचा हॉल, साठ माणसं मावतील एवढा. बाजूच्या जिन्यानं वर गेलं की दोन खोल्या. त्यात पास्टर, त्याची बायको हर्षा आणि सात वर्षांची रितिका.

भूपेश माणूस लाखाचा, पण त्याला एक खोड. त्याच्या तोंडून ‘नाही’ निघत नसे. पोराची परीक्षा आहे, पहाटे चारला येऊन प्रार्थना करा. हो. सासू-सुनेचं जमत नाही, समजावून सांगा. हो. भावाची दारू सोडवा, आत्ताच चला. हो.

त्या दुपारीही हर्षानं मला मध्ये घेतलंच. “भैयाजी, यांले सांगा न जरा. हे साऱ्यांले हो म्हणते अन् निस्तरावं लागते मले. कुठल्याबी टायमाले दारात पाहुणा. मी का धर्मशाळा चालवून राहिली?”

“सेवा आहे वं ती,” पास्टर हसला.

“सेवा तुमची, चहा माझा.”

त्या रात्री त्यांची कॅरल राउंड होती. नाताळच्या आधी मंडळीतल्या घरोघरी जाऊन गाणी म्हणायची. सगळीच चर्चं करतात. पण भूपेशच्या चर्चची एक वेगळी रीत होती. दारासमोर गाणं झालं, प्रार्थना झाली, की निघताना पास्टर म्हणणार, “या घरातून एक जण आमच्यासोबत.” लगेच त्या घरातलं कोणीतरी मफलर गुंडाळून, पायात चपला सरकवून सामील व्हायचं. नऊ माणसं निघायची आणि बारा घरं होईस्तोवर एकवीस व्हायची. मला फार आवडायची ही रीत. बिनहुंड्याची वरात!

राउंडच्या घरांची यादी असायची, आणि तिच्यातलं शेवटचं घर दरवर्षी प्रयागबाईचं असायचं. जरीपटक्यातून कामठी रोडकडे उतरताना एक बारीक गल्ली आहे, तिथं तिची एका खोलीची जागा. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. चर्चमध्ये यायला लागली तेव्हापासून नातलगांनीही येणं टाकलेलं. तिचा सगळा जीव रितिकावर. दर रविवारी प्रार्थना आटोपली की पोरीला मांडीवर घेऊन बसायची आणि पास्टरला म्हणायची, “पास्टर, दोन दिवस पोरीले माह्या घरी राहू द्या न. जास्त नाही, दोनच दिवस.”

पास्टर काय म्हणणार?

“हो आजी. कॅरलले येतो तेव्हा ठेवूनच जातो.”

असं एक वर्ष गेलं, पोरगी काही राहिली नाही. दुसरं वर्ष, तेच. २०२३ साली म्हातारीनं फारच मनावर घेतलं. पोरीसाठी नवी चादर आणली, शेजारणींना सांगितलं, आज नात राहायले येणार. आणि दार उघडं टाकून बसली. इकडे राउंड लांबली. साडेबारा वाजले, लोक उभ्यानं पेंगायला लागले. पास्टर म्हणाला, “आजीकडे उद्या जाऊ.”

उद्या एकाचं लग्न निघालं. परवा दुसरंच काहीतरी. चौथ्या दिवशी शेजाऱ्यांचा फोन आला. प्रयागबाई खुर्चीत बसलेली सापडली होती. तोंड दाराकडे. दार उघडंच.

“मग पास्टर गेला की नाही?” हेच विचारणार होतास न मोहित? गेला. मातीला गेला. त्यानंतर वर्षभर त्या गल्लीकडे फिरकला नाही.

आता आपली वीस तारीख. रितिकानं हट्ट धरला, मलाही राउंडला यायचं. हर्षा म्हणाली, “थंडी पाहिली का? काही नाही जायचं.” पोरगी बापाकडे गेली. बाप ‘हो’ म्हणाला. हर्षानं कपाळाला हात लावला, पोरीला दोन स्वेटर चढवले आणि परतणाऱ्यांसाठी खाली हॉलमध्ये चहाचं सामान मांडून ठेवलं.

रात्री बाराला बारा मिनिटं कमी. अकरा घरं झाली, बारावंही झालं. माणसं एकवीस. पास्टर परत फिरणार, तेवढ्यात धनश्री म्हणाली, “पास्टर, यादीत अजून एक नाव आहे.” धनश्री म्हणजे त्यांच्या गाणाऱ्यांतली पुढारी, कॉलेजातली पोरगी. यादी तिच्या हातात होती. पास्टरनं गेल्या वर्षीचाच कागद झेरॉक्स करून दिला होता. तळाशी नाव... प्रयागबाई.

सगळ्यांनी पास्टरकडे पाहिलं.

मग पास्टरच म्हणाला, “मागच्या वर्षी राहिलं होतं. दारासमोर एक गाणं म्हणू अन् निघू. माह्या मनाले बरं वाटंन.”

गेले. गल्लीतला खांबावरचा दिवा बंद. दाराला म्हातारीच्या पुतण्यानं घातलेलं कुलूप, त्यावर धूळ. एकवीस माणसांनी गाणं म्हटलं, पण स्पीकर असून आवाज काही चढेना. तोंडातून वाफ निघायची आणि शब्द तिच्यातच विरून जायचे. गाणं संपलं. प्रार्थना झाली. पास्टरनं डोळे उघडले. आणि बारा घरांची सवय लागलेली ती जीभ... तिनं आपलं काम केलं.

“या घरातून एक जण आमच्यासोबत.”

बोलून गेला तेव्हा त्याला कळलं.

कुलूप हललं नाही. दार उघडलं नाही. गल्लीतलं कुत्रंसुद्धा भुंकलं नाही. काही म्हणजे काही झालं नाही. सगळे फक्त जरा भराभर चालायला लागले.

परतीची वाट पंधरा मिनिटांची. पास्टर पुढे, स्पीकर ओढत. एरवी एवढं चाललं की रितिका “पप्पा, उचला” म्हणून जीव खाते. आज तिची कुरकूर नाही. मागून तिची बडबड मात्र ऐकू येत होती. शाळेतलं, मैत्रिणीचं, काय काय. त्यानं वळून पाहिलं. पोरगी घोळक्याच्या कडेनं चालत होती. एक हात वर उचललेला, मोठ्या माणसाचं बोट धरावं तसा.

त्या बाजूला रस्ता होता. नुसता रस्ता.

“कोणाशी बोलून राहिली वं?”

“आजीशी.”

घोळक्यात दोन म्हाताऱ्या बाया होत्या. त्यांतलीच एखादी असेल, असं त्यानं स्वतःला सांगितलं. तरी चौकात दिव्याखाली थांबून त्यानं डोकी मोजली. एकवीस. पुन्हा मोजली. एकवीसच. त्याच्या जिवात जीव आला.

हॉलवर पोचले तेव्हा बारा वाजून वीस मिनिटं झाली होती. हर्षा कप मांडत होती. राउंडचा शेवट ठरलेला असतो. सगळ्यांनी गोल उभं राहायचं, एकमेकांचे हात धरायचे, डोळे मिटायचे, लहानशी प्रार्थना, आमेन, मग चहा. पास्टरनं त्या रात्री प्रार्थना फार आटोपशीर केली.

आमेन.

डोळे उघडले.

गोल पुरा नव्हता.

रितिका आणि धनश्री यांच्यामध्ये जागा सुटली होती. एका माणसाची. आणि दोघींचे हात अजून तसेच, त्या रिकाम्या जागेकडे पुढे केलेले. बोटं वाकलेली.

धनश्रीनं आपल्या हाताकडे पाहिलं. “मी... मी रितिकाचा हात धरला होता...”

“नाही ताई,” रितिका म्हणाली. “तू आजीचा धरला होता.”

धनश्री तळवा ओढणीला पुसायला लागली. पुसतच राहिली. “गार होता,” एवढंच म्हणाली.

चहा कोणी घेतला नाही. पाच मिनिटांत हॉल रिकामा झाला. उरले तिघं.

तिघं...

रितिका जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून पुन्हा बूट घालत होती.

“कुठं चालली?” पास्टरनं विचारलं.

“आजी म्हणते चल. दोन दिवस.” तिनं वर पाहिलं. “पप्पा, तुम्हीच हो म्हणले होते न?”

ती उठली. एक हात पुन्हा वर गेला. दाराकडे निघाली. एक पाऊल. दोन. पास्टरनं धावत जाऊन तिचा खांदा धरला.

पोरगी थांबली. पण हात थांबला नाही.

हात दाराकडे ताणला गेला. स्वेटरची बाही लांबत गेली... लोकर करकरली... कोणी चिमटीत धरून ओढावी तशी. समोर कोणी नाही. उघडं दार. बाहेर अंधार.

“पप्पा... दुखते...”

त्यानं जोर लावला. पलीकडूनही जोर लागला.

पास्टर माणूस. रोज दहा ठिकाणी प्रार्थना करणारा. मला नंतर म्हणाला, “भैयाजी, मले एक शब्द आठवला नाही. फक्त ‘नाही’ म्हणायचं होतं. तेवढंच. तोंड उघडलं... अन् तिथं काहीच नव्हतं. मीच हो म्हणलो होतो न गा. तीनदा.”

तेव्हा हर्षा पुढे आली.

हातातली किटली तिनं खाली ठेवली. नवऱ्याकडे पाहिलं नाही. पोरीच्या पुढ्यात, त्या ताणलेल्या बाहीच्या बाजूला जाऊन उभी राहिली. आणि समोरच्या अंधाराला म्हणाली,

“आजी.”

बाही तशीच.

“पोरगी नाही येणार.”

बाही आणखी ताणली. रितिका कळवळली. हर्षा जागची हलली नाही.

“यायचं चुकलं. तुम्हाले बसवून ठेवलं. मले माहीत होतं, मी बोलली नाही. माहं बी चुकलं. पण पोरगी त्या घरी येणार नाही.”

लोकर पुन्हा करकरली.

“तुम्ही इथं राहा.”

पास्टरनं मान वर केली. हर्षा बोलत होती...

“इथं. दोन दिवस. तुमच्या नातीजवळ झोपा. माह्या हातचं जेवा. तिसऱ्या दिवशी मात्र जायचं. एकटीनं.”

बाहेर काही नाही. आत काही नाही.

कुठंतरी दूर कामठी रोडवरून एक ट्रक गेला.

मग... बाही सैल पडली.

मोहित, खुर्ची अजून जवळ घ्यायची असेल तर घे, लाजू नको.

पाहुण्यांच्या नावानं बोटं मोडणारी बाई ती. तिनं त्या रात्री पोरीच्या शेजारी आणखी एक अंथरूण घातलं. उशी दिली. ब्लँकेट दिलं. शनिवारी दोन्ही वेळा एक ताट जास्त वाढलं. रविवारीही. ताटातलं कमी झालं का, असं मी विचारलं. हर्षा म्हणाली, “मी पाहिलंच नाही भैयाजी. पाहुण्याच्या ताटात पाहू नये.”

दोन दिवसांत काय झालं? काही नाही. पण नवरा-बायकोच्या डोळ्याला डोळा लागला नाही. कारण त्यांना एकच घोर. बाई आली खरी... जाईल का? आणि गेली, तर एकटीच जाईल का?

रविवारची रात्र. पास्टर दाराला पाठ लावून बसला. हर्षानं पोरीच्या पायावर हात ठेवला होता. बारा वाजले. एक. दोन. तीनच्या सुमारास रितिका झोपेत हसली. गुदगुल्या झाल्यासारखी. मग हळूच म्हणाली, “आजी, जोरात नको न...”

हर्षानं पायावरची पकड घट्ट केली.

त्यानंतर दोघांनाही केव्हा डुलकी लागली, ते दोघांनाही सांगता येत नाही.

सोमवारी सकाळी आठला मी स्पीकर न्यायला गेलो. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. रितिका जिन्याच्या पायरीवर टोस्ट खात बसली होती, ठणठणीत. मी म्हटलं, “वा वं रितिकाबाई, काय झकास वेणी घातली मम्मीनं!”

वरून हर्षा उतरत होती. ती अर्ध्या जिन्यातच थांबली.

“मी नाही घातली.”

मी हॉलच्या दारात उभ्या पास्टरकडे पाहिलं. तो मान हलवत होता. नाही.

“आजीनं घातली,” रितिका टोस्ट चावत म्हणाली. “मग ती गेली.”

हर्षा खाली बसली. पोरीला पाठमोरी धरून वेणी हातात घेतली. घट्ट, गुळगुळीत, एक केस इकडचा तिकडे नाही. तिची बोटं मध्येच थांबली. तिनं मला खूण केली, आणि मी वाकून पाहिलं.

सात वर्षांच्या पोरीचे काळेभोर केस. त्यांत मुळाशी सुरू होऊन, पेडापेडातून गुंफत खाली आलेला एक पांढरा केस. वेणी पोरीच्या खांद्यावर संपत होती. तो तिथं संपत नव्हता. खाली पायरीपर्यंत लोंबत होता.