बोलत राहा, टेलरबाई

घाबरवायचं म्हणून नाही, तुम्ही माझ्या कामाबद्दल विचारलंत म्हणून सांगते. मेंदूतल्या गाठीचं ऑपरेशन चालू असताना जाग्या पेशंटला बोलतं ठेवायचं, हे माझं काम. मेंदूला स्वतःला दुखत नाही. डॉक्टर विजेच्या बारीक सळईने एकेक जागा चाचपतात. वाचा बंद पडली, की तेवढी जागा सोडून बाकीची गाठ काढायची.

त्या दिवशी टेबलावर कपडे शिवणाऱ्या टेलरबाई होत्या. हिरव्या पडद्यापलीकडे डॉक्टर, अलीकडे मी, हातात चित्रं.

"हे काय?"

"कात्री. माझ्या कात्रीपुढे अगदीच बोथट दिसतेय." सगळे हसले.

"आणि हे?"

उत्तर आलं नाही. नेहमीचंच. मी डॉक्टरांना खूण करणार, तोच बाईंचे डोळे हळूच माझ्याकडे वळले. खोलीत यंत्राची टिकटिक, हाड जळल्याचा वास... आणि तो शांत आवाज.

"ती गेली."

"कोण गेली, टेलरबाई?"

"तीच. जिला तुम्ही प्रश्न विचारता." आवाज बाईंचाच होता, पण त्याला कसलीच घाई नव्हती. "मी आतच असते. शिवते मी... बोलते ती."

चित्र तसंच धरून मी विचारलं, "मग... तुम्ही कोण?"

"डॉक्टरांना सांगा, इथेच कापा. म्हणजे ती परत यायची नाही."

डॉक्टरांनी ऐकलं होतं. त्यांनी झटकन सळई उचलली.

"किटली!" बाई म्हणाल्या. "अहो, एकच चित्र किती वेळ धरून बसलाय? पुढचं दाखवा की."

डॉक्टर तसेच उभे होते. गाठीचा एक तुकडा नेमका त्याच जागी होता. ठेवला तर गाठ पुन्हा वाढण्याची भीती.

"राहू दे तो," ते पुटपुटले. माझ्याकडे मात्र त्यांनी पाहिलं नाही.

बाई बऱ्या झाल्या. महिन्याभराने तपासणीला आल्या त्या हसतखेळत. त्या आत गेल्यावर त्यांचे यजमान माझ्याजवळ सरकले.

"सगळं झकास आहे हो. फक्त... हाक मारली, की ही दोनदा ओ देते. एकदा लगेच, आणि मग... थोडं थांबून, सावकाश."

"सवय लागली असेल."

"मीही तिला तसंच म्हणालो. तर पांढरीफटक पडली." त्यांनी बंद दाराकडे पाहिलं, आवाज आणखी खाली आणला. "म्हणाली, अहो... मी तर एकदाच देते."