अर्धा प्याला

"आमच्याकडून तर तुमची साइट दिसतेय."

होस्टिंग कंपनीत तक्रारी ऐकणाऱ्या त्या मुलाचं हे पहिलं वाक्य. आवाज मात्र असा, की मी भांडायचंच विसरले.

"दिसतेय हो, पण वाजत नाहीये. माझे बाबा दोंब्रा वाजवायचे, त्या धुनी आहेत तिथे. तुम्ही सगळं नव्या सर्व्हरवर हलवलंत आणि त्या गायब. बाबा गेल्या हिवाळ्यात गेले... दुसरी प्रत नाही माझ्याकडे."

तो हळूच म्हणाला, "मी साकेन. तुमचं नाव?"

"कुरालाय."

"कुरालाय, जुना सर्व्हर शुक्रवारी पुसणार आहेत. त्याआधी शोधतो."

अख्ख्या अल्माटीला सफरचंदांचा वास सुटला होता आणि माझे कान फोनकडे. तो रोज करायचा. काही सापडलं नाही हे सांगायलाही करायचा, वर जेवलात का विचारायचा. जीव टांगणीला लागलेला, तरी फोन वाजला की मी आधी केस सारखे करायची. लाज वाटायची, पण करायची.

"सापडलं तर चहा पाजाल?" बुधवारी त्यानं विचारलं.

"पाजेन की. काठोकाठ भरून." मी मुद्दामच म्हणाले; आम्हा कझाकांकडे काठोकाठ प्याला म्हणजे पाहुण्याला निरोप.

"म्हणजे प्या आणि निघा?"

"मग काय, घोट घोट ओतून रात्रीपर्यंत बसवून घेऊ?"

"मी कुठे नाही म्हणतोय..."

शुक्रवारी मात्र सकाळी फोन नाही, दुपारीही नाही. मी केला, तर उचलला नाही. बाबा पुन्हा एकदा गेले असंच वाटलं मला.

संध्याकाळी दार वाजलं. बाहेर मोसमातला पहिला भुरभुर बर्फ आणि ओल्या केसांचा एक उंच मुलगा. आवाजावरून ओळखला.

"फोनवर सांगवेना, पत्ता बिलावर होताच," म्हणत त्यानं माझ्या हातात पेनड्राइव्ह ठेवला. "धुनी साइटच्या फोल्डरबाहेर होत्या. आमच्या लोकांनी आतलं तेवढं उचललं, तुमचे बाबा बाहेरच राहिले."

लॅपटॉपवर आधी बाबांचा खोकला आला, मग दोंब्रा. आई डोक्याच्या रुमालानं डोळे पुसत राहिली. मी रडले, हसले आणि त्याला चहा ओतत राहिले. थोडा... परत थोडा. तो तळलेले बाउरसाक खात होता आणि मान वर करून बघायचं टाळत होता. मीही.

अंधार पडला. आई दमली होती. तिनं माझ्या हातून किटली घेतली आणि त्याचा प्याला काठोकाठ भरला.

त्याला काय ते कळलं. "निघतो मी," म्हणत त्यानं प्याल्याला हात घातला.

मी तो आधीच उचलला. अर्धा चहा माझ्या प्याल्यात ओतला आणि उरलेला त्याच्यापुढे ठेवला. थोडा सांडलाही.

आईनं माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"बस रे बाबा," ती म्हणाली. "पोरगी बसवतेय तर उठतोस कुठे?"

तो बसला. मी बाबांची धून पुन्हा पहिल्यापासून लावली.