विरामचिन्हांसकट

सत्तावीस वर्षांत पहिल्यांदाच ताईने भावाच्या शर्टाचं बटण लावायला नकार दिला.

तो एका हातात शर्ट आणि दुसऱ्या हातात तुटलेलं बटण घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. वय सेहेचाळीस, शहरातला नावाजलेला डॉक्टर, आणि त्या सकाळी समितीच्या बैठकीला जायची घाई. ताई टेबलाशी बसली होती. चहावर साय धरली तरी तिने कप तोंडाला लावला नव्हता. शिवणाचा पत्र्याचा डबा तिच्या कोपराशीच होता. तो तिने बोटाने पुढे सरकवला आणि म्हणाली, "तुझं तू लाव."

थट्टा करतेय असं वाटून तो हसला. मग तिचा चेहरा नीट दिसला आणि त्याचं हसू जागच्या जागी विरलं.

"पुस्तिका आली काल माझ्या टेबलावर," ती म्हणाली. "पान चौतीस."

त्याने बटणाविनाच शर्ट घातला, वर कोट चढवला आणि दार हळू लावून घेऊन तो निघून गेला. दार आपटलं असतं तर तिला बरं वाटलं असतं! पण या घरात कोणी दार आपटत नसे. या घरात सगळं हळूच लावून घेतलं जाई.

ताई सरकारी छापखान्यात मुद्रितशोधक होती. शाळांना जाणारं प्रत्येक पुस्तक छापण्याआधी तिच्या पेन्सिलीखालून जाई. वाढत्या वयातल्या मुलामुलींसाठी निघणारी 'देह आणि मन' ही पुस्तिका तिने एकदा नव्हे, चार वेळा तपासली होती. चारही वेळा त्यात ते वाक्य होतं. मुलाला मुलाची किंवा मुलीला मुलीची ओढ वाटणं म्हणजे काय, हे सांगणारं. पहिल्या आवृत्तीत ते पाप होतं. वरचे साहेब बदलले आणि दुसऱ्या आवृत्तीत ती वाईट सवय झाली. तिसऱ्या आवृत्तीच्या वेळी समितीवर डॉक्टर मंडळी आली आणि सवयीचा रोग झाला. आता चौथ्यांदा, नव्या जमान्याची नवी पुस्तिका म्हणून जिचा एवढा गाजावाजा चालला होता, तिच्यात तीच गोष्ट 'विकृती' हा कोट घालून आली होती. माणसं तीच, ओढ तीच... ज्याच्या हाती शिक्का त्याने नाव बदलायचं, आणि मुलांनी ते पाठ करायचं! आणि ताईने? ताईने चारही वेळा इमानेइतबारे वेलांट्या तपासल्या होत्या. त्या विचाराने तिला स्वतःच्या बोटांची शिसारी आली.

पण या वेळी वाक्याखाली लेखक म्हणून जी सही होती, ती तिच्या धाकट्या भावाची होती.

'असे आकर्षण ही विकृती असून ती संस्कारांच्या अभावी जडते. घरातील वडीलधाऱ्यांनी वेळीच लक्ष दिल्यास ती बरी होते.'

वडीलधाऱ्यांनी लक्ष दिलं होतं. चांगलं डोळ्यांत तेल घालून दिलं होतं! त्या वर्षी ताई बावीसची होती आणि तिचं लग्न ठरलं होतं. मुलगा नकाशे काढण्याच्या कचेरीत होता, शांत, थोडासा तोतरा, तिला मनापासून आवडलेला. एके दिवशी वडिलांना कात्री हवी होती, म्हणून त्यांनी तिचा शिवणाचा डबा उघडला आणि दोऱ्यांच्या रिळांखाली त्यांना घडी घातलेली एक चिठ्ठी सापडली. खाली सही नव्हती, वर नाव नव्हतं. वडिलांनी ती वाचली, त्यांचे कान लाल झाले. "कोणाचं हे?" त्यांनी दोघा भावंडांना समोर उभं करून विचारलं. ताईने ती चिठ्ठी आयुष्यात पाहिली नव्हती. पण शेजारी उभ्या एकोणीस वर्षांच्या भावाच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलेलं तिने पाहिलं, दोन आठवड्यांपासून कॉलेजातल्या एका मित्राचं नाव निघालं की त्याचा आवाज कसा हळवा होतो ते तिला आठवलं, आणि त्या एका क्षणात सगळं कळून तिने सांगून टाकलं, "माझं आहे."

लग्न मोडलं, तिचं कॉलेज सुटलं. भावाला परीक्षा तोंडावर म्हणून दुसऱ्याच दिवशी वसतिगृहात धाडलं होतं. जाण्यापूर्वी तो तिच्या पायाशी बसून रडला होता, आणि ती म्हणाली होती की मला मेलं लग्न करायचंच नव्हतं, बरी सुटले मी. एवढं बेमालूम खोटं ती त्याआधी कधी बोलली नव्हती. तो गेल्यावर या घरात काय झालं ते तिने त्याला कधीच सांगितलं नाही. पुढे तो डॉक्टर झाला, त्याने लग्न केलं नाही, वडील गेले, आणि दोन अविवाहित भावंडं एका घरात वर्षानुवर्षं चहा पीत राहिली. चिठ्ठीचा विषय पुन्हा निघाला नाही.

छापखान्यात एक जुना नियम होता. मुद्रितशोधकाने अक्षर तपासायचं, अर्थाला हात लावायचा नाही. शंका आलीच तर समासात पेन्सिलीने प्रश्न लिहायचा आणि लेखकाने त्याचं उत्तर शाईने, सहीनिशी द्यायचं. एकाच ओळीवर दुसऱ्यांदा प्रश्न आला, तर मात्र लेखकाने स्वतः छापखान्यात येऊन, मुद्रितशोधकासमोर बसून ते पान मोठ्याने वाचायचं, विरामचिन्हांसकट. कोणा व्यवस्थापकाने कधीकाळी वैतागून हा नियम केला होता म्हणे. पुढे तो रद्द करायचं कोणाच्या ध्यानात राहिलं नाही.

ताईने ओळीशेजारी लिहिलं, 'यास आधार काय?'

तीन दिवसांनी पान परत आलं. निळ्या शाईत एकच शब्द होता, 'छापावे', आणि खाली भावाची ती ऐटबाज सही. त्या तीन दिवसांत घरी दोघं एकाच टेबलावर जेवत होती, मीठ दे आणि पाणी घे एवढंच बोलत होती. ताईने पेन्सिलीला टोक केलं आणि त्याच ओळीशेजारी तोच प्रश्न पुन्हा लिहिला. व्यवस्थापक साहेबांनी तिला बोलावून समजूत घातली की बाई, निवृत्तीला थोडी वर्षं राहिलीत, लेखक तुमचा सख्खा भाऊ, घरचं घरी मिटवा. ती म्हणाली, "घरचं घरीच मिटवत आलेय साहेब. म्हणून तर इथवर आलं."

शेवटी तो आला. दुपारची वेळ, बाजूच्या दालनात यंत्रं धडधडत होती, आणि तिच्या चिंचोळ्या खोलीत दोन खुर्च्या गुडघ्याला गुडघा लागेल अशा मांडलेल्या. कोटाखाली त्याच्या शर्टाला बटणाच्या जागी टाचणी लावलेली तिला दिसली. तिचं आतडं तुटलं... आणि तेवढाच रागही आला.

"वाचा," ती म्हणाली. कामाच्या जागी ती लेखकांना अहो-जाहोच करी.

त्याने वाचायला सुरुवात केली. डॉक्टरी, खर्जातला आवाज. स्वल्पविराम, पूर्णविराम, नवा परिच्छेद. ती ओळ आली. "असे आकर्षण ही विकृती असून ती संस्कारांच्या अभावी जडते, पूर्णविराम, घरातील वडीलधाऱ्यांनी वेळीच लक्ष दिल्यास ती..." तो घुटमळला. "ती बरी होते. पूर्णविराम."

"पुन्हा वाचा."

"ताई, हे वाक्य मी नाही लिहिलं. आधीच्या आवृत्तीतून आलंय. फक्त शब्द बदलला समितीने."

"सही कोणाची?"

तो कळवळून बोलू लागला. सात जणांची समिती होती, सगळ्यांनी माना डोलावल्या, अध्यक्ष तर पुढच्या पानावर गेलेसुद्धा. तेवढ्यात आपण एकट्याने नाही म्हटलं असतं, तर सहा माना आपल्याकडे वळल्या असत्या. "आणि त्यांनी विचारलं असतं ताई, की तुम्हाला का बरं एवढं लागलं? काय उत्तर देणार होतो मी?"

"मी दिलं होतं ना एकटीने उत्तर," ताई म्हणाली. "माझ्याकडेही बघतच होते सगळे."

तो मग हळूच म्हणाला, "तुला लग्न करायचं नव्हतं. तूच म्हणाली होतीस."

आणि ताईच्या उरात सत्तावीस वर्षं दडपून ठेवलेलं काहीतरी फुटलं. तिला स्वतःचाच संताप आला. इतकं चोख खोटं बोललो आपण, की हा त्यात घर करून राहिला! आपण त्याला वाचवलं असं समजत होतो, आणि शिकवलं मात्र एवढंच, की लपून राहिलं की भागतं, किंमत दुसरं कोणीतरी देतं.

"मला आवडायचा तो," ती म्हणाली. "बोलताना अडखळायचा. माझं नाव घ्यायला त्याला फार वेळ लागायचा, आणि मला ते आवडायचं. आणि आणखी ऐक. तू वसतिगृहात गेलास ना, त्याच आठवड्यात बाबा मला एका दवाखान्यात घेऊन गेले. ओळखीचा नको म्हणून दुसऱ्या गावच्या. मी अजून 'चांगली' आहे का ते तपासून घ्यायला. पडदासुद्धा अर्धवट होता. त्या डॉक्टरने तपासलं आणि कागद लिहून दिला, सही केली, शिक्का मारला. अगदी तुझ्यासारखीच ऐटबाज सही होती. बाबांनी तो कागद कपाटात कुलूप लावून ठेवला, आणि तरी मरेपर्यंत माझ्याशी धड बोलले नाहीत. वडीलधाऱ्यांनी वेळीच लक्ष दिलं, छोट्या. आता सांग, कोण बरं झालं?"

 त्याने दोन्ही हातांनी चेहरा झाकला आणि हुंदका दिला, अगदी एकोणीस वर्षांच्या पोरासारखा. "मला माहीत नव्हतं गं... ताई, खरंच नव्हतं." बाजूची यंत्रं धडधडतच होती. तिने त्याला जवळ घेतलं नाही. आज जवळ घेतलं असतं, तर पुन्हा सगळं झाकलं गेलं असतं.

बऱ्याच वेळाने त्याने खिशातलं पेन काढलं. वाक्यावर आडवी रेघ मारली, मग 'यास आधार काय?' या प्रश्नाखाली सावकाश लिहू लागला. ताईने सवयीने उलट्या बाजूने वाचलं. 'आधार नाही. लेखक स्वतः असा आहे. सत्तावीस वर्षांपूर्वी बहिणीच्या डब्यात सापडलेली चिठ्ठी लेखकाला आलेली होती, बहिणीला नव्हे.' खाली सही, हुद्दा, तारीख.

ताईचा हात आपोआप पुढे आला. "हे नको. हे पान वर जातं, साहेब वाचतील, समिती वाचेल. रेघ पुरे आहे. मी नवं पान काढते." बोलता बोलताच तिला उमगलं, की आपण पुन्हा तेच करतोय.

"राहू दे," तो म्हणाला. "शाई आहे."

पान वर गेलं. आठवड्याभरात त्याला प्रकृतीच्या कारणास्तव समितीतून मुक्त करण्यात आल्याचं पत्र आलं, प्रकृती ठणठणीत असताना. दवाखान्यातली गर्दी पातळ झाली. आणि महिनाभराने पान चौतीस नव्या डॉक्टरच्या सहीनिशी ताईच्या टेबलावर परत आलं. वाक्य जिथल्या तिथे होतं. 'विकृती' जाऊन 'असंतुलन' आलं होतं, इतकंच. पाचवा कोट! तिला रडावं की ओरडावं कळेना. तिने पेन्सिलीला टोक केलं आणि समासात लिहिलं, 'यास आधार काय?' नव्या डॉक्टरने 'छापावे' लिहून पाठवलं, तेव्हा तिने पुन्हा लिहिलं. येत्या मंगळवारी तो छापखान्यात येऊन तिच्यासमोर बसणार होता, साहेब कितीही कुरकुरले तरी. नियम अजून कोणी रद्द केला नव्हता.

त्या रविवारी सकाळी भाऊ टेबलाशी बसून बटण लावत होता. दोरा भलत्याच रंगाचा, टाके वाकडेतिकडे, दोनदा सुई बोटात गेली. ताई नुसती बघत होती. कात्रीसाठी त्याने डबा चाचपला आणि रिळांखाली त्याच्या हाताला कागद लागला. पिवळा पडलेला, चार घड्यांचा.

"तू हे ठेवलंस?" त्याने कसंबसं विचारलं.

"बाबांनी माझ्या तोंडावर फेकलं होतं. माझंच म्हटलं होतं ना मी."

"वाचलंस?"

"दुसऱ्याचं पत्र वाचू नये," ती म्हणाली. जन्मभर लोकांचं लिहिलेलं अक्षर न् अक्षर वाचलेली ती बाई, पण त्या चिठ्ठीची घडी तिने कधी उलगडली नव्हती. तिच्या मनात त्या कागदावर भलभलतं लिहिलेलं होतं. वडिलांचे कान लाल व्हावेत, लग्न मोडावं, एका मुलीला पडद्याआड निजवून तपासावं, असं काहीतरी भयंकर!

"वाच आता," ती म्हणाली. "मोठ्याने. विरामचिन्हांसकट."

त्याने घड्या उलगडल्या. कागद घडीवर फाटत आला होता. "काल दिवसभर वाट पाहिली, पूर्णविराम," तो वाचू लागला. "उद्याही पाहीन, पूर्णविराम. नाही जमलं तर परवा, पूर्णविराम."

ताई पुढच्या ओळीसाठी थांबली.

"एवढंच?"

"एवढंच आहे, ताई."

तिने तो कागद आपल्याकडे वळवून पाहिला, मागची बाजूही पाहिली. मग तिने हात लांब करून, सत्तावीस वर्षांत पहिल्यांदाच, त्याच्या केसांवरून हात फिरवला.

"मग?" तिने विचारलं. "गेलास का परवा?"

त्याने मान हलवली. नाही. बटणाचा दोरा तसाच लोंबत होता. ताईने कात्री उचलली आणि तो कापून दिला.