चिंचेने घासलेली तलवार

बसा. बाहेरचा बर्फ थांबेपर्यंत तरी बसा. हा टेबलावरचा दिवा पुरे आहे. मोठा लावला की ते कपाट दिसतं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी दुपारी मी सुमंतकडे शिडी परत करायला गेलो होतो. इथे ट्रॉयमध्ये तेव्हा पानगळ असते. छपराच्या पन्हळी साफ करायला त्याची शिडी आणली होती. सुमंत पुण्याच्या कॉलेजपासूनचा माझा मित्र. पहिलं प्रमोशन त्याला, तळ्याकाठचं घर त्याला. मी कधी बोललो नाही, पण पोटात दुखायचं ते दुखायचंच. माझं म्हणावं असं एकच होतं. जन्मभर धातूंचा इंजिनियर म्हणून नोकरी केली आणि तीस वर्षं जपानी तलवारींची पुस्तकं वाचली. लोहारांची घराणी पाठ केली, त्यांची नावं वाचण्यापुरती लिपीही शिकलो. तलवार मात्र एकही नशिबात नव्हती.

"हेम्या, बरा आलास," सुमंत म्हणाला. "एक म्हातारा वारला, त्याच्या सामानाच्या एस्टेट सेलमध्ये एक गंमत मिळाली. तो म्हातारा वॉरमध्ये होता म्हणे. तू एक्सपर्ट ना? बघून सांग."

ओट्यावर तलवार पडली होती, कोथिंबिरीच्या जुडीशेजारी. मी बांबूची खुंटी काढली आणि मूठ उतरवली. मुठीत दडलेलं पात्याचं बूड काळ्या गंजाने माखलेलं होतं. त्या गंजावरून वय कळतं. तो कधी काढायचा नसतो, हा या विद्येतला पहिला धडा. एका बाजूला छिन्नीने कोरलेलं लोहाराचं नाव होतं. दुसऱ्या बाजूला साल, आठवा महिना आणि पुढे नुसतं 'एक दिवस'. ते लोहार महिना बहुतेक दुसरा नाहीतर आठवा घालत. पात्याला पाणी द्यायला तेव्हा पाणी हवं तितकंच थंड असतं, असं म्हणतात. दिवस मात्र ते मोकळाच सोडत.

पाचशे वर्षांची अस्सल तलवार. गाढवाला गुळाची चव काय, आणि ढेप मात्र त्याच्याच दारात!

"काय रे, चांगली आहे?"

"कारखान्यातला माल," मी म्हणालो. "युद्धात घाऊक काढायचे. टांग भिंतीवर."

सिंकपाशी कांचनवहिनी देवाची भांडी घासत होत्या. घरभर चिंचेचा आंबट वास होता. "भावजी, उद्या शस्त्रपूजेला हीच मांडू. हा गंज तेवढा काढते. चिंचेने निघेल ना?"

एक 'नको' पुरेसं होतं. ते ओठांपर्यंत आलंही होतं.

"निघेल की," मी म्हणालो. "चांगलं रगडा."

वहिनींनी घासलं. मग सुमंतने हौसेने ड्रिलला तारेचा ब्रश लावला. मी शेजारी उभा राहून बघत होतो. नावाची एकेक रेघ पुसट होत गेली. माझी नाही ना, मग कुणाचीच नको. खोटं कशाला बोलू? मला बरं वाटलं.

संध्याकाळी घरी आलो. मी एकटाच राहतो. दार उघडलं तर चिंचेचा वास. मी चिंच आणतच नाही. त्यामागून दुसरा वास आला, पेटत्या कोळशाचा. मग कपाटातून आवाज… ठक्… ठक्… जरा थांबून ठक्. भांड्यावर नाव घालताना होतो तसा.

कपाट उघडलं आणि आवाज थांबला. आत माझ्या मुंजीतला, मामाने दिलेला पितळेचा तांब्या होता. त्यावर 'चि. हेमचंद्र' असं नाव होतं. घालणाऱ्याचा हात घसरून 'द्र'खाली एक टिंब जास्त पडलं होतं. लहानपणापासून माझं बोट त्या टिंबावर जायचं. आता तांब्या नुसता लखलखत होता. नाव नव्हतं.

दुसऱ्या दिवशी, ऐन दसऱ्याला, सुमंत दारात आला. तलवार शालीत गुंडाळलेली. तो उंबऱ्याच्या आत येईना.

"ही तू ठेव."

"अरे, पण पूजा…"

"कांचन रडतेय यार. रात्रभर ठक् ठक्… आणि सकाळी बघतो तर त्यावर तुझं नाव. कधी घातलंस?"

"मी नाही घातलं."

"मग कुणी…" ती उंबऱ्यावर ठेवून तो वळला. गाडी काढून निघून गेला. तेव्हापासून फोन उचलत नाही.

जन्मभर हवी होती ती तलवार माझ्या हातात आली. बूड पुन्हा काळं पडलं होतं, पाचशे वर्षं पडून असल्यासारखं. त्यावर टिंबाटिंबांनी 'चि. हेमचंद्र'. 'द्र'खाली एक टिंब जास्त.

मग मी ती उलटवली. मागे जपानी अक्षरं होती. सुमंतला ती वाचता येत नाहीत, मला येतात. येणारं साल. दुसरा महिना. एक दिवस.

तेव्हापासून मीही घासतोय. चिंचेने, तारेने, कानशीने. काही निघत नाही. त्या लोहाराचं नाव तरी परत कोरावं म्हटलं, चूक कबूल करावी म्हटलं, तर ते नावच आठवत नाही. मी वाचलं होतं हो. पुस्तकं उलटीपालटी केली, कुठे सापडत नाही.

उठताय? थांबला का बर्फ?

थोडं थांबता का… आज एकतीस जानेवारी आहे.